नाव चोखोबाचे, काठ कोणाचा?

१

बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला संत चोखामेळ्याचे नाव दिलेले आहे. बोलताना लोक ‘चोखासागर’ म्हणतात. याच तालुक्यातले मेहुणा राजा हे गाव चोखामेळ्याचे जन्मस्थान मानले जाते. तेव्हा नाव अस्थानी नाही. पण ज्या जातीला गावाने शतकानुशतके पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्या जातीच्या संताचे नाव एवढ्या मोठ्या पाण्याला देणे ही केवळ कागदोपत्री बाब होऊ शकत नाही. ते शासनाने केलेले एक सांस्कृतिक विधान आहे. विधान म्हटले की त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावणे हे समीक्षेचे काम आहे.

हे काम आजच करावेसे वाटते त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाण्याच्या काठावरचा विकास हा मोठ्या उत्साहाचा विषय झाला आहे. लोणारचे सरोवर, सिंदखेड राजाचे मोती तलाव आणि चांदणी तलाव, खडकपूर्णेचा जलाशय, जिथे म्हणून पाणी दिसते तिथे पर्यटन. पर्यटन आले की रोजगार. रोजगार आला की मागास तालुक्याचा उद्धार, असे एक सरळ गणित मांडले जाते. आराखडे, माहितीपत्रके, उद्घाटनाची भाषणे आणि वर्तमानपत्री लेख यांतून या गणिताचे एक गद्य तयार झाले आहे. हे गद्य कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. मी ते तसे वाचणार आहे. कारण त्यात कल्पनाशक्ती आहे, वर्णन आहे, नायक आहे, आणि मुख्य म्हणजे वगळलेली पात्रे आहेत. प्रस्थापित मराठी साहित्याची झडती घेताना दलित समीक्षेने पहिला प्रश्न हाच विचारला होता : या चित्रात आम्ही कुठे आहोत? तोच प्रश्न आता आराखड्याला विचारला पाहिजे.

२

मराठी कवितेत काठ हा फार रम्य प्रदेश आहे. नदीचा घाट, तळ्याकाठची सांज, पाण्यात पडलेले झाडाचे प्रतिबिंब. या काठावर बसलेल्या माणसाला तिथून कोणी उठवणार नाही, हे कवितेने गृहीत धरलेले असते. बसण्याचा हा हक्क त्याला जन्माने मिळालेला आहे, म्हणून तो हक्क आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला फक्त सौंदर्य दिसते.

दलित साहित्यात काठ असा कधी नव्हता. गावाचा पाणवठा वरच्या अंगाला आणि महारवाड्याचा खालच्या अंगाला. म्हणजे नदीच्या वाहण्याच्या दिशेलासुद्धा जात चिकटलेली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), शंकरराव खरातांचे ‘तराळ अंतराळ’ (१९८१), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनांनी गावाचा जो सामाजिक नकाशा मराठी वाचकासमोर ठेवला, तो आधीच्या ग्रामीण कथा-कादंबऱ्यांनी ठेवला नव्हता. प्रेमानंद गज्वी यांनी आपल्या एकांकिकेला ‘घोटभर पाणी’ हे नाव दिले. प्रस्थापित कवी पाणी नजरेने मोजतो. दलित लेखकाला ते घोटाने मोजावे लागले. मोजमाप बदलले की सौंदर्यशास्त्र बदलते, एवढे तरी आपल्या समीक्षेने आजवर सिद्ध केले आहे.

मात्र एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. पाण्याच्या काठी राहणे आम्हाला नवीन नाही. पुराचे पाणी जिथे आधी शिरते त्या सखल जागेत, ओढ्याच्या, नाल्याच्या कडेला कित्येक गावांतले बौद्धवाडे आजही आहेत. आमच्या तालुक्यांतून पोट भरायला पुण्या-मुंबईला गेलेला माणूस तिथेही नाल्याच्याच कडेला पत्रा ठोकतो. काठ जोवर घाणीचा, पुराचा आणि डासांचा असतो तोवर तो आमचा असतो. त्याला कोणी हक्क सांगत नाही. काठ ‘दृश्य’ झाला की तोच माणूस अतिक्रमणदार ठरतो. अहमदाबादेत हे घडून गेले आहे. साबरमतीच्या काठाची बांधणी २००५ मध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये काठावरचा फिरण्याचा मार्ग लोकांना खुला झाला, आणि त्याआधी काठावरच्या वस्त्यांतली दहा हजारांवर कुटुंबे शहराच्या कडेकडेच्या वसाहतींत हलवली गेली. त्यांना घरे मिळाली. पण ज्या कामासाठी ती नदीकाठी राहत होती ते काम मागेच राहिले. पुण्यात मुळा-मुठेच्या काठासाठी हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवला गेला. शहरात जे झाले ते तालुक्याच्या गावी होणार नाही असे मानायला आधार नाही. तिथे फक्त माणसे कमी असतात आणि बोलणारी त्याहून कमी.

३

लोणारचे गद्य हे या प्रकारचे सर्वांत समृद्ध गद्य आहे, म्हणून ते आधी घेतो. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, तळाशी अल्कधर्मी खारे पाणी. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. २००० मध्ये ते अभयारण्य झाले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर त्याची छायाचित्रे फिरली. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला असे संशोधकांनी सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामसर यादीत त्याचे नाव आले. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ३७० कोटी रुपयांचा विकास आराखडा मंजूर केला.

या गद्यात कोण कोण आहे ते पाहा. आकाशातून पडलेली उल्का आहे. लवणासुर दैत्य आहे, त्याला मारणारा देव आहे, दैत्यसूदनाचे मंदिर आहे, सरोवराकाठची कमळजादेवी आहे. इंग्रज अधिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ, पक्षी आणि पर्यटक आहेत. दैत्याला जागा मिाळाली, मजुराला मिळाली नाही. लोणार या नावातच खार आहे. या सरोवरातून पूर्वी खार काढला जाई. तो साबणाला, बांगड्यांच्या काचेला लागे. जुन्या दप्तरांत खाराच्या जाती नावानिशी नोंदलेल्या आहेत. पण उन्हाळ्यात पाणी हटले की त्या खारट चिखलात पाय रोवून तो खार कोणी काढला, त्यांच्या पायांचे काय झाले, हे आजच्या माहितीपत्रकाला सांगावेसे वाटत नाही. सरोवराच्या आर्थिक जीवनाचा जो खरा इतिहास होता तो गळाला, आणि दंतकथा उरली.

आता भविष्याकडे या. ‘स्थानिकांना रोजगार’ हे या गद्याचे पालुपद आहे. यातला ‘स्थानिक’ हा शब्द मला फार धूर्त वाटतो. सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ज्याची जमीन आहे तो स्थानिक, आणि त्याच्या उपाहारगृहात भांडी घासणारी बाईही स्थानिक. एकाच शब्दाने दोघांना एका पंक्तीला बसवले की पंक्तिभेदाचा प्रश्नच संपतो. ‘रोजगार’ या शब्दाचेही तेच. एकाच्या बाबतीत त्याचा अर्थ भांडवलावरचा नफा आणि दुसऱ्याच्या बाबतीत रोजाची मजुरी. शिवाय गावाचे सांडपाणी सरोवरात उतरू नये म्हणून न्यायालयात दाद मागावी लागली, हे सर्वांना माहीत आहे. पाणी स्वच्छ राहिले पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण ते स्वच्छ ठेवण्यासाठी गटारात उतरणारी माणसे कोणत्या जातीची असतात, त्यांना नोकरी कायम की ठेक्याची, या प्रश्नाला सौंदर्याच्या चर्चेत स्थान नसते. सरोवर जपा, मात्र त्याच्या जपणुकीचा भार कोणावर आणि लाभ कोणाला, याचा हिशेब त्याच कागदावर लिहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

४

लोणार हे निसर्गाने केलेले पाणी. धरण हे माणसाने केलेले पाणी, म्हणून तिथे न्यायाचा प्रश्न अधिक उघडा आहे. धरणाने होणाऱ्या आर्थिक उभारणीत माणूस तीन ठिकाणी मोजला जातो : जमीन जाताना, पाणी मिळताना आणि काठ वाटताना. तिन्ही ठिकाणी मोजमाप कोणते आहे ते पाहू.

जमीन जाताना मोजमाप सातबाऱ्याचे. ज्याच्या नावावर शेत, त्याला मोबदला. ज्याच्या नावावर काही नाही, पण जो त्याच शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबला, त्याची मजुरी पाण्याखाली गेली तरी ती कुठल्याही पंचनाम्यात दिसत नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, १९८६ आणि १९९९ मध्ये तो नव्याने केला. कायदे झाले हे चांगलेच. पण त्यांच्या केंद्रस्थानी जमीनधारक राहिला. आमच्या वऱ्हाडात भूमिहीन दलितांचा आधार म्हणजे ‘ई-क्लास’ची सरकारी पडीत जमीन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह उभे केले, त्यांची मागणी याच पडीत जमिनीची होती. १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची. पण ज्यांची नोंद तलाठ्याच्या दप्तरात वेळेवर झाली नाही, ते कसणारे असूनही अतिक्रमणदारच राहिले. धरणाचे पाणी अशा जमिनीवर चढले की कसणारा हात हलवीत परत जातो. जिल्ह्याच्या उत्तरेला, तापीला मिळणाऱ्या दुसऱ्या पूर्णेवर जिगावचे धरण होत आहे. तीसहून अधिक गावे त्याच्या पाण्याखाली जाणार आहेत. खारपाण पट्ट्याला गोड पाणी मिळेल हे त्याचे मोठे प्रयोजन आहे आणि ते खोटे नाही. पण त्या गावांतल्या भूमिहीनांची यादी शेतकऱ्यांच्या यादीइतक्याच काळजीने केली गेली पाहिजे, ही मागणी मोर्चाच्या निवेदनातसुद्धा शेवटच्या कलमात येते.

पाणी मिळताना मोजमाप पुन्हा जमिनीचेच. कालवा शेताला पाणी देतो, माणसाला देत नाही. १९७२च्या दुष्काळात आमच्या आया-बापांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. तलाव झाले, आजूबाजूच्या विहिरींना पाझर फुटला. विहीर ज्याची, पाझर त्याचा. माती वाहणाऱ्याला हजेरीपटावरचा आठवडा मिळाला. यात कोणी कोणाला फसवले असेही नाही. सगळे नियमानेच झाले. नियमच तसा होता, हेच तर दुखणे आहे.

काठ वाटताना तरी निदान मोजमाप बदलायला हवे होते, कारण काठावर खासगी मालकी नाही. जलाशयाचे पाणी ओसरत जाते तशी गाळाची ओली जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. त्यात हरभरा येतो, गहू येतो, टरबूज-काकडी येते. ही जमीन दरसाल भाडेपट्ट्याने द्यायची असते आणि प्रकल्पग्रस्त, भूमिहीन व मागासवर्गीय यांचा विचार त्यात व्हायचा असतो. कागदावर यापेक्षा चांगली तरतूद शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात ज्याचे शेत काठाला लागून, ज्याच्याकडे नांगर आणि मोटारपंप, तोच पाण्यामागोमाग खाली उतरत जातो. भूमिहीन माणूस अर्ज घेऊन कचेरीत पोचेपर्यंत पेरणी झालेली असते. मासेमारीची गोष्ट वेगळी नाही. तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या नावाने घेतला जातो. पैसा पुरवणारा व्यापारी मागे उभा असतो. आणि ज्याच्या हातात जाळे त्याच्या वाट्याला किलोमागे ठरलेली मजुरी येते. काठावरची ही दोन उत्पन्ने, गाळपेर आणि मासळी, भूमिहीनाच्या हातात खरोखर आली तर तालुक्याच्या अर्थकारणात जे परिवर्तन होईल ते दहा नौकाविहारांनी होणार नाही. पण आराखड्याच्या चित्रात नौका रंगवलेली असते. गाळपेर रंगवलेली मी अजून पाहिलेली नाही.

५

इथे महाडची आठवण अटळ आहे. पण ती उत्सवी आठवण नको. तिचा तपशील पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्याने म्हटले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, आणि तळे होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत गेले, तेव्हा ठरावाला अर्थ आला. लगेच ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्यानंतरची कोर्टकचेरी १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाच्या निकालाने संपली. एका तळ्याच्या कागदापासून पाण्यापर्यंतचे अंतर तेरा वर्षांचे होते.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, कागदावरची तरतूद आणि काठावरचा हक्क यांत जे अंतर असते ते संघटित पावलांनीच तुटते. दुसरी अधिक महत्त्वाची : त्या ठरावाचा पाया ‘सार्वजनिक पैसा’ हा होता. हेच तत्त्व पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये आले. राज्याच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात भेद करता येणार नाही. धरण हे सार्वजनिक पैशाचे सर्वांत मोठे तळे आहे. तिथे आज कोणी जात विचारून अडवणार नाही. पण वापर म्हणजे काय? तिकीट काढून काठावर उभे राहणे हाच वापर असेल, तर संविधानाच्या त्या शब्दाला आपण फारच स्वस्त केले.

वापराचा दुसरा अर्थ याच महाराष्ट्रात करून दाखवलेला आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर न मोजता माणशी मोजले आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा मान्य केला. सांगली जिल्ह्यात बळीराजा धरणाच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात हेच तत्त्व पुढे नेले. ज्याच्याकडे शेत नाही तो आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याचे शेत वाट्याने करू शकतो. म्हणजे पाणी हेच त्याचे भांडवल होते. जातिव्यवस्थेने ज्याला मालमत्ता धरू दिली नाही, त्याच्या हाती अशी मालमत्ता देण्याचा मार्ग यात आहे. आंबेडकरी चळवळीने या प्रयोगांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे माझे मत आहे. आपण पाणवठ्याच्या समतेसाठी लढलो. पाटाच्या समतेची लढाई दुसऱ्यांवर सोपवली.

६

या ठिकाणी आपल्या साहित्यालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. विहीर, आड, तळे आणि पाणवठा दलित साहित्यात पूर्ण ताकदीने आले. धरण बांधणारी मजूर बाईही आली. दया पवारांनी तिचे गाणे लिहिले आणि ते चळवळीच्या कंठात बसले. विस्थापनावर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) आली. आमच्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने (२००२) कोरडवाहू शेतकऱ्याचे मरण मांडले. पण धरण बांधून झाल्यावर, पाणी भरल्यावर, त्या भरलेल्या काठावर रिकाम्या हाताने उभा असलेला बौद्ध, मातंग, भटका माणूस अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. तो बांधकामावरचा मजूर राहिलेला नाही आणि नोंदीत विस्थापितही नाही. नव्या काठावर तो पहारेकरी आहे, सफाईवाला आहे, भेळेची गाडी लावू पाहणारा आणि दर आठवड्याला हटवला जाणारा आहे. त्याची वेदना जुन्या शब्दांत मावणार नाही, कारण त्याला अडवणारा माणूस आता ‘दूर हो’ म्हणत नाही. ‘परवाना दाखव’ म्हणतो. या नव्या भाषेचा पंचनामा करणे हे उद्याच्या दलित लेखकाचे काम आहे. गाळपेरीचा अर्ज, ठेक्याचा करार, सुशोभीकरणाची निविदा हे त्याचे वाङ्मयीन द्रव्य आहे. ते रूक्ष वाटत असेल; पण ‘बलुतं’ हा शब्दही एके काळी महसुली दप्तरातलाच होता.

७

शेवटी चोखामेळ्याकडे येतो. परंपरेप्रमाणे १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबत असताना कूस कोसळून तो गेला. म्हणजे मराठीतला हा थोर कवी सार्वजनिक बांधकामावर मेलेला मजूर आहे. त्याची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. त्या दारातून त्याच्या लोकांना आत जाता यायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. आपल्या चळवळीचे चोखामेळ्याशी नाते सरळ नाही. देवापुढच्या समतेने गावातली विषमता हलली नाही, ही आंबेडकरी टीका योग्यच आहे. तरीही बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे त्यांनी चोखोबाच्या भक्तीचा मार्ग नाकारला आणि माणूस आपला मानला.

शासनाने उलट केले आहे. नाव घेतले आहे आणि माणूस बाहेर ठेवला आहे. महाद्वाराची पायरी आता पाण्याच्या काठाला आली आहे, एवढाच फरक. म्हणून नाव बदला किंवा पुतळा उभारा अशी मागणी मी करणार नाही. पुतळा लगेच मिळेल आणि त्याचेही सुशोभीकरण होईल. मागणी साधी आहे. चोखासागराची गाळपेर दरवर्षी पाणी ओसरण्याआधी, ग्रामसभेत यादी वाचून, भूमिहीनांना वाटा. मासळीचा ठेका जाळे टाकणाऱ्याच्या हाती राहील असा करा. काठावर जे गाळे, जी उपाहारगृहे होतील, त्यांत बुडालेल्या गावांतल्या भूमिहीनांचा वाटा आराखड्यातच लिहा. आणि पाण्याच्या वाटपात माणूस मोजा. यासाठी तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात गाळपेरीच्या पट्ट्यांची यादी मागवावी, शिक्षकांनी ती वाड्यावाड्यांत वाचून दाखवावी, विद्यार्थ्यांनी तिच्यातल्या नावांची आडनावे मोजावीत. ही समीक्षाच आहे. त्या यादीत चोखोबाच्या लोकांची नावे सापडली, तर जलाशयाला दिलेले नाव खरे ठरेल.